कुडुम

४ ऑक्टोबर

प्रिय कुडुम्या,

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. हल्ली पत्र म्हटलं की माणसाच्या मनात आधी तेच येतं, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते.

तुझा पत्ता मावशीकडून काढला. नंबर तिने दिला नाही. "पत्ता देते, नंबर देऊ नको म्हणालाय," एवढं सांगून वर मलाच ऐकवलं, "तुमचं तुम्ही बघा, मला मध्ये घेऊ नका." मध्ये तर ती तू गेल्यापासून आहेच. जाऊ दे.

काम छोटंसं आहे. आपल्याकडे कारखान्यातून फुटक्यांची पिशवी यायची, आठवते? तसले कॉर्नफ्लेक्स आता कुठे मिळतील का? छत्रीछाप पुडा आपला कारखाना बंद पडल्यापासून दिसत नाही. तू अजून भट्टीवरच असतोस असं मावशी म्हणाली, पावाच्या का होईना. भट्टीवाल्यांना एकमेकांची खबर असते. मी इथल्या दुकानांतले झाडून सगळे पुडे आणून पाहिले. एक गोडमिट्ट, एक खरवडलेल्या पुठ्ठ्यासारखा, एकात तर वाळलेली फळं निघाली. स्वयंपाकघरातलं एक कपाट नुसतं उघड्या पुड्यांनी भरलंय आणि तुझे भाऊजी रोज त्यावरून टोमणे मारतात.

बाबांना खावेसे वाटतात म्हणून विचारते. मध्यंतरी त्यांना जरा बरं नव्हतं. आता ठीक आहे.

परवा कपाट आवरताना हसू आलं. आई होती तेव्हा एका टेबलावर चौघांचे तीन धर्म होते आपले. बाबा थंड दुधाची वाटी घ्यायचे, चमच्याने थोडेच दुधात ढकलायचे आणि भिजायच्या आत तोंडात. आई गरम दुधात घालून वर झाकण ठेवायची आणि पेपर वाचून झाला की मग खायची. तू कोरडेच, मुठीने, पुड्यात हात घालून, आणि दूध मागाहून ग्लासातून. "पोटात भेटतील एकमेकांना," म्हणायचास. मी आईच्या पंथातली. माझ्या वाटीला बाबा "गाळ" म्हणायचे. तुला मात्र मुठीवरून रागवायचे, पण मूठ चावून संपेपर्यंत थांबून. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

माझा नंबर खाली लिहिते आहे. तोच आहे, जुनाच.

तुझी,
ताई


१३ ऑक्टोबर

प्रिय कुडुम्या,

उत्तर आलं नाही. टपाल उशिरा पोचत असेल असं धरून चालते.

मागच्या पत्रात मी "जरा बरं नव्हतं" लिहिलं होतं. ते तितकंसं खरं नाही. बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. उजवी बाजू गेली. हातापायात थोडा जीव परत येतोय, पण तोंडाची उजवी बाजू लोंबते आणि बोलणं गेलं. "हं" म्हणतात आणि "नको" म्हणतात. "नको" जास्त स्पष्ट आहे.

बाकी सगळं टेबलावर वाजवून. डाव्या हाताचं बोट दुमडून, कारखान्यात वाजवायचे तसंच. एक टक म्हणजे घाणा परत, दोन टक म्हणजे पुढे जाऊ दे. त्या कॉर्कच्या भिंतींच्या खोलीत डोळे मिटून बसायचे आणि भट्टीतून निघालेल्या प्रत्येक घाण्यातली मूठभर चावून ऐकायचे, ते बसणंसुद्धा अजून तसंच आहे. चव बघायला कारखान्यात दुसरी माणसं होती, बाबांकडे फक्त आवाज. सगळे त्यांना कानसेन म्हणायचे आणि ते खोटं खोटं रागवायचे. आता आमच्या घरात दिवसभर एकच टक ऐकू येते. सूप, एक टक. कुस्करलेलं केळं, एक टक. दुधात भिजवून गाळून दिलेले फ्लेक्स, त्याला तर टक करायचीही तसदी घेत नाहीत. तोंड मिटून भिंतीकडे बघतात.

त्यांना मऊच द्यायचं असा हुकूम आहे. गिळायचे व्यायाम शिकवायला एक बाई येतात, मी त्यांना मनात गिळणबाई म्हणते. त्या म्हणाल्या, "कोरडं, कुरकुरीत काहीही नाही. घास श्वासनळीत जाईल. कण जरी गेला तरी न्यूमोनिया." आणि बाबांना नेमकं तेच हवंय. डाव्या हाताने पुड्याकडे बोट करतात.

मला वाटलं, दोष बाबांच्या कवळीचा. एक बाजू लोंबल्यावर जुनी कवळी बसणार कशी? मी आमच्या दातांच्या लॅबमध्ये पुन्हा माप घेतलं, मेणात दात बसवले, घासून पॉलिश केले. बाबांनी घातली, जीभ फिरवली, एक टक. दुसरी केली. एक टक. आमचे मालक म्हणाले, "ताई, गिऱ्हाइकांची कामं कधी करणार?" तुझे भाऊजी कँटीन चालवतात, त्यांना जगातला प्रत्येक प्रश्न मिठाचा वाटतो. मी कवळ्या करते, मला तो दाताचा वाटला. त्यांनी मध घालून पाहिला, मीठ घालून पाहिलं, लोणी घालून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

सदरा खांद्यावरून ओघळतो त्यांचा. एवढंच सांगते.

एकदा फोन कर. माझ्याशी बोल, त्यांच्याशी नको बोलूस.

ताई


१९ ऑक्टोबर

कुडुम्या,

घाईत लिहिते आहे. आज बाबांना थोडा ठसका लागला. आता बरे आहेत. काळजीचं काही नाही.

पत्रं मिळत असतील तर नुसतं मावशीला तरी कळव की मिळतात म्हणून.

ताई


२४ ऑक्टोबर

प्रिय कुडुम्या,

थोडा ठसका नव्हता. तुझ्यापासून लपवून काय मिळवणार आहे मी, तू तर उत्तरही देत नाहीस.

त्या सकाळी बाबा पुड्याकडे बोट करत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. झटक्यानंतर पाणी उगाचही येतं म्हणतात. पण ते बघून मला राहवलं नाही. वाटलं, एकच फ्लेक. जिभेवर विरघळेल. मी त्यांच्या डाव्या दाढेखाली ठेवला. त्यांनी चावला, आणि खरं सांगते, क्षणभर चेहरा उघडला त्यांचा. मग खोकला. मग खोकलाही थांबला आणि ओठ निळे पडायला लागले. तुझ्या भाऊजींनी पाठीत धपाटे घातले, शेजारच्यांनी गाडी काढली. दोन दिवस हॉस्पिटलात होतो. तिथले डॉक्टर मला ओरडले नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, "कुणी दिलं?" मी म्हटलं, "मी." भाऊजी अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. ते शांत राहतात तेव्हा जास्त रागावलेले असतात.

डॉक्टरांनी सांगितलंय, असंच चाललं तर पोटातून नळी घालावी लागेल. अन्न सरळ पोटात. पुढच्या महिन्याच्या मध्यावर पुन्हा बोलावलंय, तोवर खायला लागले तर ठीक. डॉक्टरांच्या तोंडून ते फार सोपं वाटलं. नळीने माणूस जगतो, मला कळतं. पण बाबांचं अख्खं आयुष्य तोंड आणि कान यांच्यामध्ये गेलंय. माझा जीव टांगणीला लागलाय.

आता एक वेगळंच सांगते. काल गिळणबाई आल्या, त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. व्यायाम झाल्यावर "माफ करा हं" म्हणून पर्समधून बिस्किट काढलं आणि बाबांच्या डाव्या बाजूला बसून खायला लागल्या. कडक बिस्किट होतं. पहिला घास चावला, कुडुम, आणि बाबांनी मान वळवली. कान पुढे केला. तोंड उघडलं. माझ्या हातात गाळलेल्या फ्लेक्सची वाटी होती, मी नुसता चमचा आत सरकवला. गिळलं. बाई पुन्हा चावल्या. पुन्हा तोंड उघडलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी बाईंकडे. पर्समधलं दुसरं बिस्किटही त्यांनी बाबांसाठी संपवलं. जाताना म्हणाल्या, "आम्ही चव बघतो, दात बघतो, जीभ बघतो. आवाज कुणी बघत नाही."

बाबांना चावायचं नव्हतंच, कुडुम्या. ऐकायचं होतं. त्यांच्या तोंडात काय आहे याच्याशी देणंघेणं नाही, कानात काय आहे ते बघायचं. आणि मी मूर्खासारखी कवळ्या घासत बसले.

ताई


२९ ऑक्टोबर

कुडुम्या,

गाडी पुन्हा अडली.

दोन-तीन दिवस छान गेले. भाऊजी सकाळी बाबांच्या डाव्या बाजूला बसून कोरडे फ्लेक्स चावत होते आणि मी वाटीतला गाळ भरवत होते. (हो, गाळच. शेवटी त्यांच्या ताटात माझाच पंथ आला.) मग एक दिवस भाऊजींची मूठ संपायच्या आतच एक टक. दुसऱ्या दिवशी पहिल्याच घासाला एक टक. भाऊजी चिडले, "आता मी चावायचं पण यांच्या पसंतीने का?" त्यांचंही चूक नाही. त्यांना कँटीनला जायचं असतं, ते बस पकडल्यासारखे चावतात. बाबांना ते कळतं.

मग मी बसले. तू हसशील. मला जन्मात कुडुम करता आलेलं नाही. घास तोंडात घेतला की आपोआप भिजवत ठेवते, आईसारखी. बाबांनी थोडा वेळ कान लावला, मग माझ्या हातावर थोपटलं. टक नाही केली. ते जास्त लागलं मला. मी जगाला दात करून देते आणि घरात चावायला एक माणूस नाही. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात ते खोटं नाही.

फोनवर कुणाकुणाच्या खाण्याचे आवाज मिळतात, तेही लावून पाहिले. मोठा आवाज, झकास कुरकुर. एक टक, आणि ती पण घाईने.

काल काय झालं ते सांगते. सकाळी टेबलाशी बसवलं होतं. पुडा त्यांच्यासमोर होता. डाव्या हाताने त्यांनी तो ढकलत ढकलत खिडकीकडच्या खुर्चीसमोर नेला. हात पुरेना म्हणून अख्खं अंग वाकडं केलं. पुडा तिथे ठेवला, मग खुर्चीकडे बघत बसले.

ती तुझी खुर्ची आहे. आम्ही तिच्यावर धुतलेले कपडे ठेवतो.

आता मी जे लिहिणार आहे त्यावर तू पत्र फाडशील, फाड. तुमच्या दोघांच्या भांडणात मी कधी पडले नाही. पडणार तरी कशी, आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्या दिवशी तुझी पाळी होती, भट्टीवर नवा माल होता, साहेब दारात उभे होते, तो घाणा पास झाला असता तर तुझं नाव कायमच्या कामगारांच्या यादीत जाणार होतं. सगळा कारखाना कान देऊन होता. आणि बाबांनी एकदाच वाजवलं. तो सगळा माल गुरांच्या खाद्यात गेला आणि तू घरी येऊन विचारलंस, "दोन वेळा वाजवलं असतं तर काय बिघडलं असतं?" बाबा म्हणाले, "ओला होता." तू पिशवी भरलीस. मी दारात उभी होते, तुला जायला बाजूला झाले.

ओला होता की नव्हता, मला खरंच माहीत नाही. मी गाळ खाणारी, मला ओलं-कोरडं काय कळतंय. मला एवढंच दिसतं की हा माणूस सगळ्या जगाला एक टक देतो आहे आणि तुझ्या खुर्चीसमोर पुडा नेऊन ठेवतो आहे. माफी मागतोय असं मी म्हणणार नाही, ते बाबा आहेत, तू मला वेड्यात काढशील. मला वाटतं त्यांना फक्त तुझं चावणं ऐकायचंय. ते चावणं त्यांना माझ्यात, आईत, सगळ्या कारखान्यात वेगळं कळायचं. म्हणूनच तर तुला कुडुम्या म्हणायचे.

ये असं म्हणत नाही. बोल असंही म्हणत नाही. सकाळी नाश्त्याच्या वेळी फोन कर आणि चाव. एवढंच. भाऊ म्हणून नको करूस, भट्टीवाला म्हणून कर. नळीची तारीख जवळ येत चालली आहे आणि मला दुसरा काही उपाय दिसत नाही.

नंबर पुन्हा लिहिते. मोठ्या अक्षरात लिहिलाय, मुद्दाम.

ताई


६ नोव्हेंबर

माझ्या कुडुम्या,

आजच लिहिते, कारण तू फोन ठेवल्यानंतरचं तुला माहीत नाही.

सकाळी अनोळखी नंबर वाजला तेव्हा माझ्या हातात वाटी होती. वाटलं लॅबचा फोन, किंवा हॉस्पिटलचा. मी "हॅलो" म्हटलं, तिकडून काहीच नाही. मी पुन्हा "हॅलो" म्हणणार होते, तेवढ्यात पुड्याचा कागद वाजला.

मी फोन साखरेच्या डब्याला टेकवला, बाबांच्या डाव्या कानाशी, आणि आवाज पूर्ण वाढवला. भाऊजी बूट घालत होते, ते एक बूट तसाच हातात धरून उभे राहिले.

पहिली मूठ. बाबा भिंतीकडे बघत होते, हलले नाहीत. तू चावलंस, थांबलास, पुन्हा चावलंस. तसंच थांबणं, लहानपणी मुठीतून खाली पडलेले वेचायला थांबायचास तसं. दुसऱ्या मुठीला बाबांनी डोळे मिटले. कॉर्कच्या खोलीत मिटायचे तसे. तिसऱ्या मुठीला तोंड उघडलं.

पहिला चमचा टॉवेलवर सांडला. दुसरा गेला. मग काय झालं ते तू ऐकलं नाहीस, तुला तुझाच आवाज ऐकू येत असणार. तुझी मूठ संपली की त्यांचं तोंड मिटायचं. कागद वाजला की उघडायचं. तू घाई केली नाहीस. मी भरवत होते की तू, मला कळेना. मध्ये एकदा तू बराच वेळ थांबलास. नाक ओढल्याचं ऐकू आलं. सर्दी असेल तर औषध घे.

वाटी रिकामी झाली. ती वाटी रिकामी बघून किती आठवडे झाले, मी मोजत नाही, मोजलं की भीती वाटते. मी फोनकडे वाकून "अरे" म्हटलं, आणि तू फोन ठेवलास. राग आला, थोडा. भाऊजी म्हणाले, "राहू दे, पहिल्या दिवशी एवढं खूप झालं." आणि ते माझ्याशी नीट बोलले, हे मला मागाहून कळलं.

बाबा फोनकडे बघत होते. काच काळी झाली होती. त्यांनी डावा हात टेबलावर आणला. बोट दुमडायला त्यांना वेळ लागतो. मी मनाशी म्हटलं, नको, आज नको, आज टक नको. त्यांनी एकदा वाजवलं. मी वाटी उचलायला हात पुढे केला, खांदे पाडून. हात तसाच टेबलावर होता त्यांचा. वर उचलला. आणि दुसऱ्यांदा वाजवलं.

दोन टक. भाऊजी साक्षीला आहेत, मी कल्पनेने सांगत नाही. सबंध आजारपणात एकदाही झाल्या नव्हत्या. मग फोनकडे बघून "हं" म्हणाले आणि तोंड पुसायला माझ्याकडे वळले, जसं काही झालंच नाही.

तुझा नंबर आता माझ्या फोनमध्ये आहे. मी उलटा फोन केलेला नाही आणि करणारही नाही. मेसेजमध्ये हे सगळं लिहायला घेतलं होतं, पुसून टाकलं. हे तसं सांगायचं नव्हतं. पत्र पोचायला वेळ लागेल आणि तोवर तू काय धरून बसशील या विचाराने माझं डोकं फिरतंय, पण तरीही.

नळीची तारीख अजून उभीच आहे. एका वाटीने काही होत नाही, मला माहीत आहे. गिळणबाई म्हणाल्या, रोज झालं तर डॉक्टरांशी बोलता येईल. रोज. हा शब्द मी तुला लिहिते आहे आणि खोडतही नाही.

उद्या सकाळी फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला असेल. परवाही असेल. खुर्चीवरचे कपडे मी आज घडी करून कपाटात ठेवले. तू काही बोलायची गरज नाही. फक्त मूठ संपल्यावर लगेच फोन ठेवत जाऊ नकोस. त्यांचा हात वर यायला जरा वेळ लागतो.

ताई